नगरची पहिली मंडळी आणि आपली सभासदवही

अंबरनाथ पूर्वेला कानसईपासून शिवमंदिराच्या रस्त्यापर्यंत मराठी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. घरातल्या थोरामोठ्यांना मूळ मंडळी विचारली, तर अंबरनाथचे नाव क्वचितच पुढे येते. कोणी नगर सांगते, कोणी राहुरी, कोणी वडाळा, कोणी शिरूर, कोणी सोलापूर. पेन्शन इथे घेतली, नातवंडांचे बाप्तिस्मे इथे झाले, तरी 'आमची मंडळी नगरची' हे वाक्य तोंडातून सहज निघते. म्हणून या स्मरणिकेसाठी इतिहास लिहिताना सुरुवात इथल्या पहिल्या उपासनेपासून करावी असे वाटले नाही. ज्या मंडळीच्या वहीत आपल्या पणजोबांचे नाव चढले, तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

ती वही नगरची आहे, पण तिच्या मागची गोष्ट दोन जहाजांपासून सुरू होते.

फेब्रुवारी १८१२ मध्ये 'कॅरॅव्हॅन' आणि 'हार्मनी' ही दोन जहाजे अमेरिकेच्या वेगवेगळ्या बंदरांतून कलकत्त्याकडे निघाली. त्यांत अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेने परदेशी धाडलेले पहिलेच मिशनरी होते : अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस. सगळे काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे बालकांना बाप्तिस्मा देणारे. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे बाप्टिस्ट मिशन आहे आणि तिथल्या लोकांशी बाप्तिस्म्यावर वाद होईल, हे जडसन यांना ठाऊक होते. वादाची तयारी म्हणून त्यांनी प्रवासात शास्त्र उघडले आणि वाचता वाचता त्यांचे मतच पालटले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लाल बाजार चॅपेलमध्ये जडसन पतिपत्नींनी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. दोनच महिन्यांत राइस त्याच वाटेने गेले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. राइस अमेरिकेत परतले आणि १८१४ साली तिथल्या बाप्टिस्ट मंडळ्या परदेशी मिशनसाठी एकत्र आल्या.

उरलेल्या तिघांनी मात्र बाप्तिस्म्याबाबतचे आपले मत बदलले नाही. कंपनी सरकारचा त्यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम झाला होता. तरीही फेब्रुवारी १८१३ मध्ये हॉल आणि नॉट मुंबईत उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना सांभाळून घेतले, त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि अमेरिकन मराठी मिशन मुंबईत रुजले. न्यूवेल पुढच्या वर्षी येऊन मिळाले. पत्नी हॅरिएट यांना त्यांनी आधीच मॉरिशसच्या मातीत ठेवले होते.

आपल्या इतिहासात बाप्टिस्टांचे नाव घेण्याचे कारण इथे आहे. एकाच कामासाठी पाठवलेल्यांपैकी दोघे बाप्टिस्ट झाले आणि तिघे आपल्याकडे आले. शिवाय मराठीवर बाप्टिस्टांचे ऋण त्याआधीपासूनचे आहे. केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठी व्याकरण १८०५ साली छापले, कोश १८१० साली आणि नवा करार १८११ साली. हे सगळे काम महाराष्ट्रापासून कितीतरी दूर, बंगालमध्ये हुगळीच्या काठी झाले. मुंबईच्या मिशनऱ्यांनी नव्या कराराचे भाषांतर पुन्हा नव्याने केले आणि ते १८२६ साली पुरे झाले. पण पहिली खटपट श्रीरामपूरची होती, हे विसरून चालणार नाही. त्याच १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना गॉर्डन हॉल पटकीने गेले. न्यूवेल १८२१ सालीच पटकीने गेले होते.

नगरला मिशनचे ठाणे पडले ते १८३१ च्या अखेरीस. अॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही हे तिघे अमेरिकन तिथे गेले आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे मराठी ब्राह्मण गृहस्थ गेले. हर्व्ही सहा महिन्यांच्या आत पटकीने दगावले. मार्च १८३३ मध्ये नगरला रीतसर मंडळी स्थापन झाली. तीच पहिली मंडळी. तिचे आरंभीचे सभासद कोण होते, हे प्रत्येक पिढीला सांगितले पाहिजे. बाबाजी शिकलेले पंडित होते, आणि त्यांच्या शेजारी उभे होते गरिबांसाठीच्या आश्रमातले आंधळे, पांगळे, थकलेले लोक. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते ते लोकही होते. त्या काळी एका पंगतीत ज्यांना कोणी बसवले नसते, ती माणसे एका भाकरीतून प्रभुभोजन घेऊ लागली. बाबाजींना हे फार काळ पाहता आले नाही. त्याच वर्षी पटकीने त्यांनाही नेले. हॉलिस रीड यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि ते १८३६ साली अमेरिकेत छापून निघाले. आजच्या नगरमध्ये त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्न मला बोचतो.

आता सभासदत्वाविषयी. काँग्रिगेशनल मंडळीत आणि बाप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्म्याच्या रीतीवरून कितीही अंतर असले, तरी एका गोष्टीत त्या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींच्या वर बिशप नसतो. मंडळी म्हणजे तिचे सभासद, आणि निर्णय सभासदांनी घ्यायचा. नवा माणूस घ्यायचा तर तो सगळ्यांसमोर विश्वास कबूल करतो, आणि त्याला घ्यायचे की नाही हे मंडळी ठरवते. पाळकही मंडळीच बोलावते. कोणी दुसऱ्या गावी राहायला गेला, तर मंडळी त्याला पत्र देते, आणि ते पत्र नव्या मंडळीने मान्य केल्यावरच जुन्या वहीत 'बदली' अशी नोंद होते. म्हणून सभासदवहीत नाव चढणे हा तेव्हा साधा उपचार नव्हता. ज्याला गावच्या चावडीवर उभे राहून बोलायची सोय नव्हती, त्याला मंडळीच्या सभेत मत होते. ते मत त्याच्या नावावर होते आणि ते नाव शाईने लिहिलेले होते. आजन्म सभासद हे शब्द आज आपण वर्गणीच्या पावतीवर वाचतो. त्या लोकांसाठी त्याचा अर्थ असा होता की जन्माने दिलेली जागा सोडून स्वतः निवडलेल्या जागी मरेपर्यंत उभे राहायचे. आणि ती निवड त्यांनी रोजच्या रोज निभावली. भाऊबंद तुटले, विहिरीवरून हाकलले, तरी निभावली.

हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायण १८३९ साली मंडळीत आले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. तोवर नगरला दुसरी मंडळीही उभी राहिली होती. परदेशी मिशनऱ्यांच्या हातातली सूत्रे मराठी पाळकांकडे येऊ लागली. हेन्री बॅलन्टाइन यांनी मराठीत गीते रचली. कृष्णराव सांगळे यांनी तर आपल्याच मातीतले कीर्तन उचलले आणि त्यातून ख्रिस्ती कथा सांगितली. वीणा, टाळ, मृदंग घेऊन येशूचे आख्यान लावायला धैर्य लागत होते. परधर्मीयांनी नाक मुरडले, आणि काही ख्रिस्ती लोकांनाही ते रुचले नसणार. पण पुढच्या सबंध मराठी ख्रिस्ती गायनाची वाट त्यामुळे मोकळी झाली.

मंडळीच्या भोवती वाढलेल्या संस्थांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण त्यांच्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले आणि १८४५ मध्ये मुंबईला गेले. सिंथिया फरार १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण फरार यांच्याकडे झाले. महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात नगरच्या त्या शाळेला मानाची जागा हवी. १८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. १८४७ साली मुंबईत जन्मलेले ह्यूम मराठी मातृभाषेसारखी बोलत. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी केलेल्या मदतकार्याबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. त्या दुष्काळाने अनेक पोरकी मुले मिशनच्या वसतिगृहांत आणली, आणि सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत सुतारकाम, धातुकाम, विणकाम शिकून ती मोठी झाली. डी. सी. चर्चिल यांनी नगरला हातमागात सुधारणा केल्या त्याही याच परंपरेतल्या. अशी शिकलेली माणसे आणि त्यांची मुले पुढे रेल्वेच्या वर्कशॉपांत, गिरण्यांत, आणि आपल्याकडे विमको आणि ऑर्डनन्ससारख्या कारखान्यांत कामाला लागली. अंबरनाथच्या मराठी ख्रिस्ती वस्तीचे मूळ शोधायचे असेल, तर प्रार्थनेच्या पुस्तकाइतकेच त्या शाळेच्या लेथमध्ये आणि रंध्यातही ते सापडेल.

नारायण वामन टिळक यांच्यापाशी मात्र थांबावेच लागते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्यांनी नगर हे घर केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. आपल्या गीतसंग्रहात त्यांची गीते सर्वांत जास्त आहेत, हे उपासनेत नियमाने बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये नगरचे ते दिवस लिहून ठेवले, आणि मराठी वाचकाला ख्रिस्ती घराचे दार पहिल्यांदा आतून उघडून दाखवले.

पण सभासदत्वाच्या प्रश्नावर टिळकांनी आयुष्याच्या शेवटी जे केले, ते आपल्याला पचवायला आजही कठीण जाते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी नोकरीचा त्याग केला, साताऱ्याला राहायला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी घरदार आणि काही वर्षे बायकोसुद्धा गमावली होती, तोच माणूस आता सभासदवहीच्या बाहेरच्यांनाही हाक मारत होता. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. मला वाटते, टिळकांना वहीचा राग नव्हता. परदेशी पैशावर आणि परदेशी पद्धतीवर चालणारी वही भारतीय माणसाला परकी वाटते, हे त्यांचे दुखणे होते. वही आपली झाली, आपल्या भाषेत आणि आपल्या पैशांनी चालली, तर तिच्यातली जागा परकी वाटणार नाही. आपल्या पूर्वजांनी पुढच्या पन्नास वर्षांत नेमके हेच केले. पाळकाचा पगार वर्गणीतून निघू लागला, कापणीच्या सणाला धान्याची पोती आणि कोंबड्या येऊ लागल्या, आणि मंडळीचा हिशेब सभासद ठेवू लागले.

ऐक्याची वाटचालही याच काळातली. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर भारताची संयुक्त मंडळी झाली, आणि तिचे पहिले नियामक म्हणून ह्यूमच निवडले गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात सहा मंडळ्या एक झाल्या, आणि त्यांत उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्याही होत्या. १८१२ साली कलकत्त्यात फुटलेली वाट १५८ वर्षांनी अशी पुन्हा जुळली. बालपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण करणारेही या मंडळीत राहतील, आणि स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा घेणारेही राहतील, असे ठरले. एकाने दुसऱ्याला आपल्या रीतीवर यायला भाग पाडले नाही. मला तो आपल्या देशातल्या ख्रिस्ती लोकांचा फार मोठा मनाचा निर्णय वाटतो. सगळे बाप्टिस्ट त्यात आले नाहीत, हेही खरे. ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांना बाप्तिस्मा देणाऱ्या ओंगोलच्या परंपरेतल्या तेलुगू बाप्टिस्ट मंडळ्या आपल्या वेगळ्या व्यवस्थेत राहिल्या.

ऐक्याला एक कायदेशीर बाजूही आहे आणि तरुण सभासदांनी ती समजून घ्यायला हवी. मंडळीच्या जागा आणि इमारती सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतात. या ऐक्यात आलेल्या गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की विलीनीकरणाचा नुसता ठराव करून विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, त्यासाठी कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पुरी करावी लागते. अशा वादात सभा कधी झाली, हजर कोण होते आणि ते सभासद होते का, हे प्रश्न निघतात. त्यांची उत्तरे सभासदवहीत आणि सभांच्या इतिवृत्तात असतात. ज्या मंडळीची जुनी वही हरवली, तिला आपल्याच कंपाउंडविषयी बोलायला पुरावा उरत नाही.

आता जतनाविषयी, आणि यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे.

अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी नगरहून आणि मुंबईहून बॉस्टनला पाठवलेली पत्रे, अहवाल, डायऱ्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात नीट लावून ठेवलेल्या आहेत. त्या काळी 'मिशनरी हेरल्ड' मासिकात त्यातली निवडक पत्रे छापूनही येत. ऑक्टोबर १८८१ मध्ये नगरच्या ठाण्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा तिथे मोठी सभा भरली, आणि तिथे वाचलेले निबंध १८८२ साली मुंबईत ग्रंथरूपाने निघाले. ती एक प्रकारची स्मरणिकाच होती, आणि आजही संशोधक ती चाळतात. म्हणजे जे आले आणि परत गेले, त्यांचे शब्द सुरक्षित आहेत. ज्यांनी हा धर्म घेतला, इथेच राहिले, इथेच पुरले गेले, त्यांचे शब्द कोठे आहेत? त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या आयुष्याचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेली लग्नाची नोंद, आणि दफनाची नोंद. मंडळीच्या लाकडी कपाटातली ती रजिस्टरे गेली, तर हार्वर्डच्या पत्रांतून आपल्याला फक्त मिशनऱ्याच्या डोळ्यांना दिसलेले आपले पणजोबा मिळतील.

आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर आपण सगळे पाहतो. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख त्या दगडावर कोरलेला आहे आणि पुरातत्त्व खाते त्याची निगा राखते. दगडाला तितकी वर्षे काढता आली. कागदाला ती काढता येणार नाहीत, आणि आपल्या रजिस्टरांसाठी कुठलेही खाते येणार नाही. ते काम सभासदांचेच आहे.

या कामात मंडळ्यांकडून काही चुका वारंवार होतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली जाते. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो. पान टिकावे म्हणून लॅमिनेशन केले जाते. त्या उष्णतेने आणि प्लास्टिकने कागदाचे कायमचे नुकसान होते, आणि मग कोणताही तज्ज्ञ काही करू शकत नाही. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असते. आपल्या उल्हास खोऱ्यातल्या ओलीत एका मोसमात बुरशी धरते. रजिस्टर जमिनीपासून वर, भिंतीपासून सुटे, कोरड्या जागी, सुती कापडात बांधून ठेवावे. प्रत्येक पानाचे चांगल्या उजेडात, फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्यावे आणि त्याच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. छायाचित्र झाले म्हणून मूळ वही अडगळीत टाकू नये. शाईचा रंग, मागाहून केलेली खाडाखोड, समासातली पाळकाची सही, हे सगळे मूळ पानावरच वाचता येते.

आणि घराघरांतही पुष्कळ आहे. मंडळी बदलताना आणलेली पत्रे, पाठीमागे पाळकाची सही असलेले बाप्तिस्म्याचे दाखले, आजीने हाताने उतरवून घेतलेली गीते, 'ज्ञानोदय'चे जुने अंक, नगरच्या बोर्डिंगात काढलेला वर्गाचा फोटो. घर बदलताना, फ्लॅट विकताना, आईवडील गेल्यावर कपाट आवरताना या वस्तू रद्दीत जातात. बदलापूरला, उल्हासनगरला, अंबरनाथला दर वर्षी कुठे ना कुठे जुनी चाळ पडते आणि टॉवर उभा राहतो. त्या आवराआवरीत एखाद्या कुटुंबाचा ख्रिस्ती इतिहास एका दिवसात संपू शकतो.

म्हणून या स्मरणिकेबरोबर प्रत्येक कुटुंबाला एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात आपल्याला ठाऊक असेल तितक्या मागच्या पिढीपर्यंत नाव, बाप्तिस्म्याची मंडळी, पाळक, लग्नाचे ठिकाण आणि अंबरनाथ परिसरात येण्याचे वर्ष भरावे. सुनांची माहेरची मंडळीही लिहावी. आपल्या नोंदी आजवर वडिलांच्या बाजूनेच पुढे गेल्या आहेत, आणि निम्मा इतिहास त्यामुळे सुटला आहे. जुना फोटो असेल तर त्यातल्या माणसांची नावे मागच्या बाजूला पेन्सिलने, हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनने लिहू नये, त्याची खूण पुढच्या बाजूला उमटते. नाव आठवत नसेल, तर घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारावे, आणि ते याच महिन्यात विचारावे.